माहीत नाही, पण ठिपका आहे

मी वेब मॅपिंग करतो. म्हणजे नकाशे दाखवणारी सॉफ्टवेअरं लिहितो. नातेवाइकांत याचा अर्थ 'नकाशाचं काही असलं की याला सांगा' एवढाच होतो. त्यामुळे आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघायची ठरली, तेव्हा 'कोण कुठे राहतं' याचा नकाशा करायचं काम अमेरिकेत बसलेल्या माझ्याकडे आलं. तीनशेच्या आसपास पत्ते होते. निम्मे कोकणातले, काही पुण्या-मुंबईचे, बाकी न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत विखुरलेले.

एका शनिवारी दुपारी मी सगळे पत्ते एका जिओकोडिंग सेवेकडे पाठवले आणि आलेल्या अक्षांश-रेखांशांचे ठिपके नकाशावर टाकले. न्यू जर्सीची मावसबहीण अगदी तिच्या छपरावर होती. चिपळूण तालुक्यातली अकरा घरं मात्र एकाच डोंगरउतारावर, एकावर एक रचल्यासारखी. आणि रोह्याजवळचे काका आफ्रिकेच्या पश्चिमेला, अटलांटिक महासागरात!

हसून झाल्यावर लक्षात आलं की बहिणीचा ठिपका आणि काकांचा ठिपका दिसायला तंतोतंत सारखे होते. तोच लाल रंग, तोच आकार. एक बरोबर आहे आणि दुसरा साफ चूक, हे ठिपक्याकडे बघून कळायला काही मार्ग नव्हता. आज त्याबद्दलच लिहितोय.

पत्त्याचा ठिपका कसा होतो?

अमेरिकेतला पत्ता यंत्राला सोपा जातो, कारण रस्त्याला नाव असतं आणि घराला क्रमांक. १९९० च्या जनगणनेसाठी इथल्या जनगणना विभागाने देशभरातल्या रस्त्यांचा 'टायगर' नावाचा डिजिटल साठा तयार केला. त्यात प्रत्येक घर नव्हतं. रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजूंना कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत घरं असू शकतात, एवढीच नोंद होती.

समजा एका तुकड्याच्या डाव्या बाजूला १०० ते १९८ हे सम क्रमांक आहेत आणि आपल्याला १५० नंबरचं घर हवं आहे. १५० वजा १०० म्हणजे ५०, भागिले ९८, म्हणजे साधारण ५१ टक्के. यंत्र तुकड्याच्या जवळजवळ मध्यावर, डाव्या अंगाला ठिपका ठेवतं. पण त्या बाजूला सहाच घरं असतील आणि १५० नंबर शेवटून दुसरा असेल, तर ठिपका शेजाऱ्याच्या अंगणात पडतो. शहरात ही चूक तुलनेने लहान असते. खेड्यात मैलभर लांबीच्या तुकड्यावर ती काहीशे मीटरची होऊ शकते. आता बऱ्याच ठिकाणी एकेका इमारतीचा बिंदू उपलब्ध असतो, पण सगळीकडे नाही.

रस्ताच सापडला नाही तर यंत्र एक पायरी खाली उतरतं आणि पोस्टाच्या कोडचा मध्यबिंदू देतं. तोही नसेल तर शहराचा, मग राज्याचा, आणि शेवटी देशाचा. प्रत्येक पायरीवर उत्तराचं रूप मात्र तेच राहतं: एक अक्षांश, एक रेखांश.

चिपळूणच्या अकरा घरांचं कोडं इथे सुटलं. पत्ते 'मारुतीच्या देवळामागे' अशा धर्तीचे होते. त्यातून यंत्राला फक्त पिनकोड कळला आणि त्याने अकराही घरं त्या पिनकोडच्या मध्यावर नेऊन ठेवली. आपली पिनकोड पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी, संस्कृतात कविता करणाऱ्या अधिकाऱ्याची कल्पना. ती १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. हेतू होता टपालाची वर्गवारी. सारख्या नावाची गावं आणि वेगवेगळ्या लिप्यांतले पत्ते यांतून वाट काढायला सहा आकडे दिले गेले. देशात पोस्ट ऑफिसं दीड लाखाहून जास्त आणि पिनकोड १९ हजारांच्या आसपास, म्हणजे ग्रामीण भागात एका पिनकोडात कितीतरी गावं येतात. १९६३ साली आलेला अमेरिकेचा झिपकोडही मुळात टपाल वाटपाच्या मार्गांचा गठ्ठाच. त्याला नकाशावर हद्द आखून देण्याचा उद्योग इतरांनी नंतर केला. टपालाच्या गठ्ठ्याला मध्यबिंदू असतो, पण त्या मध्यावर कुणी राहत असेलच असं नाही.

काका महासागरात कसे गेले?

ही चूक माझी. काकांच्या पत्त्याला सेवेकडून काहीच उत्तर आलं नव्हतं, जागा रिकामी होती. माझ्या जावास्क्रिप्टच्या कोडने त्या रिकाम्या मजकुराचं अंकात रूपांतर केलं, आणि जावास्क्रिप्टमध्ये त्याचं उत्तर येतं शून्य. अक्षांश शून्य, रेखांश शून्य. विषुववृत्त आणि ग्रिनिचचं रेखावृत्त जिथे छेदतात ती गिनीच्या आखातातली जागा.

ही चूक आमच्या धंद्यात इतकी नेहमीची आहे की त्या जागेला 'नल आयलंड' असं नाव पडलंय. 'नल' म्हणजे डेटाबेसमधली 'माहिती नाही' अशी खूण. प्रत्यक्षात तिथे बेट नाही. हवामानाच्या नोंदी घेणारा 'सोल' नावाचा एक तरंगता बोया तिथे अनेक वर्षं नांगरलेला होता. २०११ मध्ये 'नॅचरल अर्थ' या मोफत नकाशा-साठ्याच्या कर्त्यांनी तिथे गमतीने एक चौरस मीटरचं बेटही टाकलं, जेणेकरून चुकलेले ठिपके पटकन ओळखू यावेत.

समुद्रात पडलेला ठिपका निदान चूक म्हणून ओळखू तरी येतो. खरी भीती जमिनीवर पडलेल्या ठिपक्याची. २००९ मध्ये 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने दाखवून दिलं की तिथल्या पोलिसांच्या गुन्हे-नकाशात ज्या गुन्ह्यांची जागा यंत्राला सापडत नसे, ते सगळे शहराच्या मध्यभागी पोलीस मुख्यालयाजवळच्या एकाच ठिकाणी जमा होत होते. बघणाऱ्याला वाटावं, शहरातला सर्वांत धोकादायक कोपरा हाच!

कॅन्ससचं शेतघर

यापेक्षा वाईट गोष्ट कॅन्सस राज्यातली. इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता असतो. नाव 'पत्ता' असलं तरी त्यात जागा नसते. असे पत्ते गठ्ठ्यांनी इंटरनेट कंपन्यांना दिले जातात आणि कुठला गठ्ठा कुठल्या भागात वापरात आहे याचा अंदाज काही कंपन्या बांधतात. कधी शहर कळतं, आणि कधी फक्त एवढंच की पत्ता अमेरिकेतला आहे.

मॅसॅच्युसेट्समधली मॅक्समाइंड ही अशीच एक कंपनी. फक्त देश माहीत असेल तेव्हा काय लिहायचं? त्यांनी देशाच्या मध्याजवळची जागा द्यायचं ठरवलं. हा 'मध्य' कसा काढला होता तेही मजेशीर आहे. १९१८ मध्ये सरकारी सर्वेक्षण खात्याने देशाच्या आकाराचा पुठ्ठा कापून तो टोकावर तोलला होता! तो बिंदू उत्तर कॅन्ससमध्ये लेबनन गावाजवळ येतो, साधारण ३९.८३ उत्तर, ९८.५८ पश्चिम. कंपनीने त्याऐवजी सुटसुटीत आकडे घेतले: ३८ उत्तर, ९७ पश्चिम. ही जागा मूळ मध्यापासून जवळपास अडीचशे किलोमीटरवर आहे, आणि तिथे कुणाचंतरी शेतघर होतं.

२०१६ मध्ये पत्रकार कश्मीर हिल यांनी हे शोधून काढलं, तोवर ६० कोटींहून जास्त आयपी पत्ते त्या एका अंगणाकडे बोट दाखवत होते. देशात कुठेही कुणाला ऑनलाइन फसवलं गेलं, कुणाचं खातं फोडलं गेलं, की आयपी पत्ता शोधणारा माणूस या घरावर येऊन धडकायचा. पोलीस आले, एफबीआय आली, आयकरवाले आले. कुणीतरी अंगणात फुटकं कमोड टाकून गेलं. आत्महत्येच्या विचारात असलेल्या माजी सैनिकांना शोधत रुग्णवाहिकाही आल्या. इथे मला थांबावंसं वाटतं. शेतघरातल्या लोकांना त्रास झाला हे खरंच, पण ज्याला मदत हवी होती तो त्या वेळी दुसरीकडेच कुठेतरी होता. शेवटी स्थानिक शेरीफने फाटकाशी पाटी लावली की या घरापासून दूर राहा, काही असेल तर मला विचारा.

बातमी आल्यावर कंपनीने तो बिंदू विचिटा शहराच्या पश्चिमेला एका जलाशयाच्या मध्यभागी हलवला. निदान तिथे कुणाचं दार ठोठावता येत नाही.

दशांश चिन्हानंतरचा आव

यात कुणी खोटं बोललं नव्हतं. कंपनीला माहीत होतं की हा आकडा म्हणजे 'अमेरिकेत कुठेतरी'. पण डेटाबेसमधून तो बाहेर पडताना दिसायचा असा: ३८.००००, -९७.००००.

एक अंश अक्षांश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. दशांश चिन्हानंतर एक स्थळ म्हणजे ११ किलोमीटर, दोन म्हणजे १.१ किलोमीटर, तीन म्हणजे ११० मीटर, चार म्हणजे ११ मीटर. (रेखांशाचं अंतर ध्रुवाकडे कमी होत जातं, कॅन्ससच्या अक्षांशावर एक अंश ८७-८८ किलोमीटर भरतो.) म्हणजे चार स्थळं लिहिणारा आकडा सांगतो की मला अंगण माहीत आहे. प्रत्यक्षात माहीत होता फक्त देश, पूर्व-पश्चिम साडेचार हजार किलोमीटर पसरलेला.

उपाय तसा साधा आहे. ठिपक्यासोबत त्रिज्याही द्यायची: 'इथे, अमुक किलोमीटर इकडे-तिकडे'. फोनवर तुमच्या निळ्या ठिपक्याभोवती जो फिकट गोल दिसतो तो हेच सांगत असतो. चांगल्या जिओकोडिंग सेवाही उत्तर कुठल्या पायरीवरून आलं ते कळवतात: छप्पर, रस्ता, की पोस्टाचा कोड. पण तो रकाना वाचायचा की नाही हे माझ्यासारख्या सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या हातात असतं. ठिपका काढायला एक ओळ लागते, गोल काढायला थोड्या जास्त. शुक्रवारी संध्याकाळी काम संपवायचं असलं की काय होतं ते सांगायला नको.

म्हणून तुम्हीही रोगाचा, गुन्ह्यांचा किंवा पुराचा नकाशा बघाल तेव्हा दोन गोष्टी जरूर पाहा. एकाच जागी खूप ठिपके जमले आहेत का? असतील तर तो कसलातरी मध्यबिंदू असू शकतो. आणि ज्यांची जागा सापडली नाही त्यांचा आकडा नकाशाखाली दिलाय का?

आमचा कुलवृत्तांताचा नकाशा मी परत केला. ज्या घरांची नक्की जागा मिळाली त्यांना ठिपका, फक्त पिनकोड कळला तिथे फिकट रंगाचा पट्टा आणि त्यात घरांची संख्या, आणि 'जागा अजून विचारायची आहे' अशी एक यादी खाली. यादीत पहिलं नाव काकांचं, म्हणून त्यांना फोन लावला. म्हटलं, तुमचा पत्ता यंत्राला सापडत नाही. ते म्हणाले, "असं कसं? टपाल तर बरोबर येतं. नवीन पोस्टमन असला तर नाक्यावर विचारतो."