सुई कुठं धरते

सकाळी साडेआठ. वर्ध्याचा बजाज चौक. काका गोणपाट अंथरतात. रापी, दोन आऱ्या, कानस, हातोडी, तीन तोंडांची लोखंडी ऐरण. मेण लावलेला नायलॉनचा दोरा. सोल्युशनचा डबा दीडशेचा. झाकण उघडं राहिलं की उन्हानं निम्मा उडून जातो, म्हणून तो पेटीच्या सावलीत.

नऊ. पोलीस भरतीचा पोरगा ग्राउंडवरून थेट आलेला. १६०० मीटरची तयारी. बुटाचा तळ पुढून उघडलाय.

"काका, आजच पायजे. उद्या पहाटे धावाचं हाय."

"फोमचा हाय हा, बाबू. दोरा वढला का फोमच कापते."

फोम हलका, म्हणून धावायला बरा. टाका मात्र पेलत नाही. काका बोटानं चाचपतात. खालचं रबर पंजापाशी वर चढलंय, तेवढ्याच पट्टीत टाके बसतील. आधी दोन्ही बाजू कानशीनं खरवडायच्या, सोल्युशन लावायचं, हाताला चिकटेनासं झालं की दाबायचं. घाई केली तर संध्याकाळी पुन्हा सुटतो. मग आरी. जोडीचे ऐंशी सांगितले, पोरानं साठ दिले. काकांनी ठेवून घेतले.

साडेदहा. मेडिकलचा विद्यार्थी. टाचेला पारदर्शक खिडकी असलेला बूट. नायकेच्या बुटात हवेची पिशवी आधीपासून होती, पण ती दिसायची नाही. १९८७ मध्ये डिझायनर टिंकर हॅटफील्डनं एअर मॅक्सच्या टाचेला खिडकी पाडली आणि तळ दाखवायची वस्तू झाला. काका खिडकी अंगठ्यानं दाबतात.

"याच्यात हवा कुठी हाय? नुसतं प्लास्टिक."

पोरगा हसतो. त्याला ठाऊक होतं.

"खरा असता तर टाचेले आरी लावली नसती. पोटात गेली का फुस्स."

पन्नास रुपये.

एक. डबा. भाकर, बेसन.

दोन. दुकानदाराचा बूट, टाचेची बाहेरची कड झिजलेली. तळावर चौकोनी खाचा. ही नक्षी प्रशिक्षक बिल बॉवरमननं १९७१ मध्ये घरच्या वॅफलच्या साच्यात रबर ओतून काढली होती. इथं नवी रबरी शीट बसवायची तर खाली सपाट तळ लागतो. काका कानस फिरवतात. आधी खाचा जातात, मग कंपनीचं नाव. काळा भुगा मांडीवर. कंपनीनं एवढं जपून कोरलेलं नाव पुसायला पाच मिनिटंही लागत नाहीत. शीट धरून दीडशे.

चार. सेवाग्रामकडचे एक आजोबा. चामडी चपलेचा अंगठा तुटलेला. इथून जवळच नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवलं होतं. मेलेल्या गुरांचं कातडं तिथं कमावलं जाई. चामड्याच्या तळावर सुई कुठंही धरते. वीस रुपये, दहा मिनिटं.

साडेपाच. बरीच वर्षं कपाटात जपलेला महागडा जोड. हात लावला तर तळाचा चुरा पडतो. हे पॉलियुरेथेन, दमट हवेत न वापरताही कुजतं. काकांनी परत केला. पैसे नाहीत.

सात. गल्ला पाचशे चाळीस. शीट, दोरा, सोल्युशन, चहा वजा जाता साडेतीनशेच्या आसपास.

दुकानात बूट घ्याल तेव्हा तळाच्या कडेची शिलाई नखानं उचकून बघा. पुष्कळ बुटांवर ती साच्यातच उठवलेली असते. दोरा नसतोच.