बर्फाच्या तालमीतील वस्ताद

गिरणी कामगारांत हयात घालविलेल्या माणसाने बर्फावरील नृत्याविषयी बोलावे, याचे श्रोत्यांस नवल वाटेल. परंतु शरीर हेच ज्याचे भांडवल, त्याचे ते भांडवल संपल्यावर काय होते, हा प्रश्न आमच्या रोजच्या परिचयाचा आहे. म्हणून कॅनडाच्या मारी-फ्रान्स द्युब्रय या बाईंची हकीकत आम्ही निवडली.

प्रथम खेळ समजून घेऊ. स्केटच्या पात्याला तळाशी पन्हळ असते. तिच्यामुळे आतली व बाहेरची अशा दोन धारा होतात. नर्तकांची सारी करामत या धारांवर. जोडीच्या दुसऱ्या एका प्रकारात पुरुष स्त्रीला हवेत भिरकावतो. नृत्यात ते चालत नाही. येथे पाऊल पाहतात, ताल पाहतात. १९७६ पासून हे नृत्य ऑलिंपिकमध्ये आहे.

२००६ साली ट्यूरिनच्या ऑलिंपिकमध्ये बाई आणि त्यांचे जोडीदार पात्रिस लोझों उतरले. दुसऱ्या नृत्यात फिरत्या उचलीतून सुटून बाई बर्फावर आदळल्या. लोझोंनी त्यांना उचलून बाहेर नेले. स्पर्धा तेथेच सोडावी लागली. पुढच्याच महिन्यात कॅलगरीला दोघांनी जागतिक रौप्यपदक मिळविले, २००७ साली टोकियोला पुन्हा रौप्य. ऑलिंपिकचे पदक मात्र कधीच लाभले नाही.

पुढे हे दोघे माँट्रियलला शिकवू लागले. लोझों आता पतीही होते. २०१४ च्या जागतिक स्पर्धेत तेरावी आलेली पापादाकिस–सिझेरों ही फ्रेंच जोडी त्यांच्याकडे आली, आणि २०१५ साली जगज्जेती झाली. सोबत त्यांचे गुरू रोमाँ आग्नोएर हेही आले होते.

खरा पेच २०१८ चा. प्यॉंगचांगला सुवर्णासाठी झुंजणाऱ्या दोन्ही जोड्या याच तालमीतल्या. व्हर्च्यू–मॉयर यांना २०६.०७ गुण, फ्रेंच जोडीला २०५.२८! दोन्ही पक्षांचे वकीलपत्र घेणारा पुढारी आम्ही गेटवर उभा करणार नाही. पण येथे गुण देणारे पंच वेगळे. वस्तादाने एकाची चाल दुसऱ्याला द्यायची नाही, ज्याच्या अंगात जे आहे तेच काढायचे. शिवाय शिकवणीचे पैसे बहुधा खेळाडूच भरतात. विश्वास उडाला की रोजगारही गेला.

२०२२ साली बीजिंगला सुवर्ण आणि कांस्य माँट्रियलकडे आले. चौथी जोडीही तिथलीच होती. पदक हुकलेल्यांपाशी जाऊन काय बोलावे, हे बाईंना कोणी सांगावे लागले नसेल.