स्पेनचा राजा पंतप्रधान 'नेमतो' म्हणजे नेमकं काय करतो?

तर मंडळी, स्पेनमध्ये निवडणूक झाली की राजा पक्षनेत्यांना भेटतो आणि एक नाव सुचवतो. बस्, सुचवतो. ठरवतं 350 जागांचं कनिष्ठ सभागृह. पहिल्या फेरीत 176 मतं हवीत. नाही जमलं तर 48 तासांनी दुसरी फेरी, तिथे विरोधापेक्षा एक मत जास्त असलं तरी चालतं.

2023 मध्ये फेइहो यांच्या पक्षाला सर्वाधिक 137 जागा मिळाल्या. राजे फेलिपे सहावे यांनी त्यांचं नाव दिलं. पहिल्या फेरीत 172 विरुद्ध 178, दुसरीतही तेच रडगाणं. मग हा खटाटोप कशाला? कोड लिहिणाऱ्या मला यातला टायमर भारी वाटतो. पहिलं मतदान झाल्याशिवाय दोन महिन्यांची मुदत सुरूच होत नाही, आणि मुदतीत कुणीच निवडून आलं नाही तर संसद बरखास्त, पुन्हा निवडणूक. म्हणजे फेइहो हरले, पण घड्याळ चालू झालं. मुदत संपायच्या आत, 16 नोव्हेंबरला, पेद्रो सांचेझ 179 मतांनी निवडून आले. त्यांच्या पक्षाच्या स्वतःच्या जागा? 121! बाकीची मतं मित्रपक्षांची, त्यात स्पेनपासून वेगळं व्हायचंय असे कॅटलान पक्षसुद्धा.

आता त्यांना पाडायचं तर नुसता अविश्वास पुरत नाही. पुढचा पंतप्रधान कोण, तेही ठरावातच लिहावं लागतं. 2018 मध्ये सांचेझ स्वतः याच दाराने आत आले होते.