गजाची करामत

फिडल म्हणजे आपले व्हायोलिनच. वाद्य तेच, घराणे निराळे! अमेरिकेच्या ॲपलॅचियन डोंगराळ मुलुखातल्या जुन्या चाली शिकू जाणारा आधी डाव्या हाताची बोटे पाहतो. पण खरी मेख उजव्या हातातल्या गजात असते. एक लांब, दोन आखूड असा गजाचा फेर सुरू झाला, की नाचणाऱ्यांची पावले आपोआप पडू लागतात.

१९३७ साली ॲलन लोमॅक्स यांनी केंटकीतल्या विल्यम स्टेप यांची ‘बोनापार्टची पिछेहाट’ ही चाल ध्वनिमुद्रित केली. तिची स्वरलिपी छापली गेली; तीवरून ॲरन कोपलंड यांनी १९४२ च्या ‘रोडिओ’ या नृत्यनाट्यात ती घेतली. वाद्यवृंद मोठा दिमाखदार, यात शंका नाही. तरी स्टेप यांच्या एकट्या गजाची ती झिंग त्यात नाही, असे मला वाटते. कागदाने सूर तेवढे पोचवले.

उत्तर कॅरोलिनातले टॉमी जॅरल (१९०१–१९८५) रस्तेखात्यातले नोकरदार. फिडल वडिलांकडून उचललेले. उतारवयात त्यांच्या घरी शहरांतली तरुण मंडळी येत, मुक्काम ठोकीत आणि त्यांच्या मनगटाकडे टक लावून बसत.