जुन्या न्हाणीची नवी बाथरूम करताय? टाइल्स निवडण्याआधी हे वाचा

बाथरूमच्या फरशीत जाळी असते, तिच्याखाली एक भांडं असतं. प्लंबरला त्याचं नाव विचारा. तो सांगेल, 'नहाणी ट्रॅप'. बांधकामाच्या इंग्रजी पुस्तकांतही हेच नाव छापलेलं असतं. म्हणजे घरातली न्हाणी गेली, बाथरूम आली, पण न्हाणीचं नाव फरशीखाली अजून टिकून आहे.

सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरातली न्हाणी आठवा. खाली शहाबादी फरशी, कोपऱ्यात तांब्याचा बंब, वर पत्रा आणि पाणी भिंतीतल्या भोकातून थेट परसातल्या केळीला. संडास मात्र घरापासून लांब. 2000-01 च्या सुमारास तेव्हाचे ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. पाटील स्वतः तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. त्या काळात आणि त्यानंतर गावोगावी संडास झाले, पण बरेचसे परसातच.

आता त्या बांधकामाला वीस-पंचवीस वर्षं झाली. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे गुडघे दुखतात, रात्री अंगण ओलांडून जाणं जमत नाही. म्हणून न्हाणी फोडून संडास-बाथरूम घरात घ्यायचं ठरतं, आणि सगळे पहिल्यांदा टाइल्सच्या दुकानात जातात. खरं तर टाइल्सचा नंबर शेवटी लागतो. का, ते बघू.

आधी हवा

जुन्या न्हाणीत बंब पेटला तरी धूर पत्र्याखालच्या फटीतून निघून जायचा. नव्या बाथरूमला स्लॅब, घट्ट दार आणि काचेची बंद खिडकी असते. तिथं बंब किंवा गॅस गिझर लावला की जळणाला हवा अपुरी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. आंघोळ करणाऱ्याला चक्कर येते आणि दार उघडायच्या आत शुद्ध हरपते. गॅस गिझरमुळं होणारे मृत्यू असेच होतात.

त्यामुळं बंब आणि गॅस गिझर दोन्ही बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत ठेवायचे. गरम पाणी पाइपनं आत आणायचं. इलेक्ट्रिक गिझर असेल तर चांगलं अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी पाहिजेच. ओल्या अंगाला शॉक बसला तर वीज तोडायचं काम ती करते.

मग भिंत

माण, खटाव, आटपाडी, जतकडची जुनी माळवदाची घरं पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींची. इतर ठिकाणी दगड-मातीच्या भिंती. या भिंतींत पाइप लपवायला झिरी मारली की भिंत कमकुवत होते. पुढं पाइप गळला तर बाहेर काही दिसत नाही, माती मात्र आतून विरघळत राहते. शिवाय हा सगळा कोयनेच्या भूकंपाचा टापू. 11 डिसेंबर 1967 च्या धक्क्यानं इथली किती घरं पडली ते जुनी माणसं सांगतात.

अशा घरात सरळ उपाय दोन. एकतर जुन्या भिंतीला हात न लावता आतून विटांची नवी पातळ भिंत उभी करा आणि पाइप तिच्यात घ्या. नाहीतर पाइप भिंतीवरून उघडेच न्या. दिसायला थोडं कमी, पण गळती त्याच दिवशी कळते.

पाणी जातं कुठं?

फरशीला उतार दर फुटाला साधारण पाव इंच लागतो. नहाणी ट्रॅपमध्ये कायम दोन इंच पाणी साठलेलं राहिलं पाहिजे. गटारातला वास आणि झुरळं अडवतं ते हे पाणीच. उन्हाळ्यात घर बंद ठेवून आलात आणि बाथरूमला वास मारत असेल, तर ते पाणी आटलेलं असतं. तांब्याभर पाणी ओता, वास जातो.

वॉटरप्रूफिंग झाल्यावर लगेच टाइल्स बसवू देऊ नका. तोंड बंद करून बाथरूममध्ये पाणी भरा आणि किमान दोन दिवस तसंच ठेवा. खालच्या छताला किंवा शेजारच्या भिंतीला ओल दिसली नाही तरच पुढं जा. इथं दोन दिवस वाचवले की पुढं अख्खी फरशी उखडावी लागते.

जुना संडास दोन शोषखड्ड्यांचा असेल तर नव्या बाथरूमचं आंघोळीचं पाणी त्यात सोडायचं नाही. हे खड्डे फक्त मैला आणि त्यावर ओतलेल्या थोड्या पाण्यासाठी असतात. साबणाचं पाणी भरलं की ते तुंबतात. आंघोळीचं पाणी वेगळ्या पाइपनं, पूर्वीसारखंच केळीला द्या. नवा शोषखड्डा घ्यायचा असेल तर विहिरीपासून किमान 10 मीटर लांब.

नदीकाठी असाल तर

2005, 2019 आणि 2021. सांगलीत कृष्णेच्या पुरानं या तिन्ही वर्षी घरं पाण्यात घातली. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. अशा वेळी पाणी दारातून यायच्या आधी कमोडमधून आणि जाळीतून उलटं वर येतं, कारण बाहेरचं गटार आधीच भरलेलं असतं.

यावर उपाय म्हणजे घराबाहेर पडणाऱ्या मोठ्या पाइपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. पाणी बाहेर जाऊ देतो, आत येऊ देत नाही. तो चेंबरमध्ये बसवा, म्हणजे साफ करता येतो. दाराला प्लायवुड नको, पीव्हीसी किंवा फायबर घ्या. बेसिनखाली लाकडी कपाट करू नका. बटणं आणि प्लग गेल्या पुराच्या खुणेच्या वर घ्या.

आता सजावट

कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात बऱ्याच बोअरच्या पाण्याला क्षार असतात. काळ्या चकचकीत टाइल्स आणि काळे नळ मोबाइलवर झकास दिसतात, पण अशा पाण्यानं चार दिवसांत पांढरे डाग पडतात. फिकट राखाडी किंवा मातकट रंगाच्या, खरखरीत मॅट टाइल्स घ्या. डाग लपतात, पाय घसरत नाही. सांध्यांत इपॉक्सी ग्राउट भरलं तर मळ कमी धरतो.

जुनी शहाबादी चांगली असेल तर टाकून देऊ नका. घासून, नीट उतार देऊन पुन्हा बसवता येते. फक्त तिच्यावर अॅसिड ओतू नका. शहाबादी हा चुनखडीचा दगड, अॅसिडनं खातो. आणि अॅसिड व ब्लीचिंग पावडर कधीच एकत्र करू नका, विषारी क्लोरीन निघतो.

तांब्याचा बंब मोडीत घालण्यापेक्षा घासून अंगणात ठेवा. लग्नसराईत पाहुणे आले की कामाला येतो.

आणि ज्यांच्यासाठी हे करतोय

कमोडच्या शेजारी आणि आंघोळीच्या जागी भिंतीत पक्का बसवलेला स्टीलचा दांडा हवा. टॉवेलचा दांडा वजन पेलत नाही. दार बाहेर उघडणारं असावं, कडी बाहेरून उघडता येणारी. आजी आत पडल्या आणि दार आत उघडणारं असेल, तर त्यांच्याच अंगामुळं ते अडतं.

पैसे कमी पडले तर आधी पाइप, वॉटरप्रूफिंग, अर्थिंग आणि दांडे करून घ्या. आरसा, शॉवर, रंगीत लाइट पुढच्या दिवाळीला बसवले तरी चालतात. फरशीखालचं काम मात्र नंतर करायचं तर सगळं पुन्हा फोडावं लागतं.