मुलाचे कर्ज आणि आपली सही

श्रोतेहो, शहरात नोकरीला लागलेला मुलगा घरासाठी कर्ज काढतो आणि सांगतो, "आबा, हप्ता कमी बसतोय." तुम्ही विचारा, "किती वर्षं?" २० लाख रुपये दरसाल ९ टक्क्यांनी घेतले, तर २० वर्षांच्या मुदतीत हप्ता सुमारे १८ हजार, ३० वर्षांच्या मुदतीत १६ हजार. पण एकूण फेड ४३ लाखांवरून ५८ लाखांवर जाते! मीही आधी हप्ताच पाहिला होता. लांब मुदत घेतलीच, तर बदलत्या व्याजाचे कर्ज घ्या. ते लवकर फेडल्यास दंड पडत नाही.

अन् जामीन म्हणून सही मागितली तर? १८७२ च्या करार कायद्याने, वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. बँक आधी मुलालाच गाठील, या भरवशावर राहू नका. सहीपूर्वी तो कागद घरी आणवून दोघांनी मिळून वाचा.