लिनक्सच्या घरांत खेळ शोधतांना

'विंडोज १०' या संगणकप्रणालीची नेहमींची डागडुजी मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली, आणि चांगल्या चालत असलेल्या पुष्कळ संगणकांच्या मालकांपुढें एकच प्रश्न उभा राहिला. नवा संगणक घ्यावा, कीं जुन्यावरच दुसरी एखादी प्रणाली बसवावी? ज्यांनीं दुसरा मार्ग धरला, त्यांतील कित्येकांनीं 'लिनक्स' पत्करली. लिनक्सला किंमत पडत नाहीं; तिचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, कोणालाही वाचतां येतो, सुधारतां येतो व दुसऱ्यास देतां येतो. पत्रव्यवहार, हिशेब, वाचन हीं सारीं कामें तिच्यावर सुखानें होतात. परंतु घरांत बारा वर्षांचें मूल असलें, म्हणजे चौथ्या दिवशीं विचारणा होते : "यावर गेम कुठें आहेत?" या प्रश्नाला उत्तर मिळालें नाहीं, तर महिन्याभरांत जुनी प्रणाली परत येते, व तिच्याबरोबर कोठून तरी चोरून उतरविलेल्या खेळांच्या प्रतीही येतात. अशा प्रतींतून संगणकांत काय काय शिरलें, हें वडील माणसांस कधीं कधीं बँकेचें पासबुक पाहतांना कळतें.

लिनक्सवर खेळ नाहींत, ही समजूत एके काळीं अगदींच निराधार नव्हती. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं तिचा गाभा लिहिला, तेव्हां ती केवळ जाणकारांच्या उपयोगाची होती. १९९८ मध्यें 'लोकी' नांवाची अमेरिकन कंपनी नामांकित खेळ लिनक्सवर आणून विकावयास निघाली. ती २००२ च्या आरंभीं बंद पडली. गिऱ्हाईक थोडें म्हणून खेळ थोडे, आणि खेळ थोडे म्हणून गिऱ्हाईक थोडें, असें तें चक्र होतें. आजची अडचण निराळी आहे. खेळ हजारोंनीं आहेत. पण ते निरनिराळ्या वाटांनीं येतात, आणि कोणता खेळ कोणत्या वाटेचा हें ठाऊक नसलें कीं शोधणारा फसतो.

पहिली वाट प्रणालीच्या स्वतःच्या भांडाराची. डेबियन, उबुंटू, फेडोरा, मिंट हे लिनक्सचे वेगवेगळे संच होत, आणि प्रत्येकाबरोबर तपासून ठेवलेल्या प्रोग्रॅमांचें एक भांडार असतें. तेथून एक कळ दाबतांच खेळ संगणकावर उतरतो. पैसे द्यावे लागत नाहींत, आणि खेळ रंगांत आला असतां 'नाणीं विकत घ्या' असा तगादाही बहुधा नसतो. मात्र तेथें चांगलें व टाकाऊ एकाच फळीवर मांडलेलें असतें. निवड चित्रांच्या झगमगाटावरून करूं नये. त्या कसोटीला यांतील बहुतेक खेळ उतरणार नाहींत. शेवटची आवृत्ति केव्हां निघाली तें पाहावें. ज्या खेळावर वीस वर्षें माणसें बिनपगारी राबत आलीं आहेत, त्यांत खेळण्याजोगें कांहीं तरी बहुधा असतें.

'द बॅटल फॉर वेसनॉथ' हा असाच खेळ. डेव्हिड व्हाइट यांनीं तो २००३ सालीं प्रथम बाहेर काढला, आणि तेव्हांपासून त्यांत सतत भर पडत आली आहे. षट्कोनी घरांच्या पटावर पाळीपाळीनें सैन्य हलवावयाचें, एवढें ऐकून बुद्धिबळाची आठवण होईल. पण येथें जमीन आणि वेळ यांचाही लढाईंत भाग असतो. अरण्यांत उभ्या असलेल्या 'एल्फ' धनुर्धराला टिपणें कठीण. तोच उघड्या मैदानांत सहज सांपडतो. कांहीं सैनिक दिवसा प्रबळ, कांहीं रात्रीं. म्हणून चढाई कोणत्या प्रहरीं करावी याचा विचार आधीं करावा लागतो. एका लढाईंतून वांचलेला शिपाई आपला अनुभव घेऊन पुढच्या लढाईस उभा राहूं शकतो, व त्यामुळें जुन्या स्वाराला उगाच बळी देतांना खेळणाराचा हात अडखळतो. चित्रें साधींच आहेत. पण दोन रविवार त्यांत गेल्यावर तें कोणाच्या ध्यानांतही राहत नाहीं.

आगगाड्यांची आवड असणारांसाठीं 'ओपन टी.टी.डी.' आहे. रूळ टाकावे, सिग्नल बसवावे, खाणींतला कोळसा वीजघरास पोंचवावा. उत्पन्न अंतरावर व लागलेल्या वेळावर ठरतें. 'झीरो ए.डी.' हा प्राचीन राज्यांच्या युद्धांचा खेळ. त्यांत मौर्यांचें राज्य हत्तींसह आहे, आणि चंद्रगुप्त, चाणक्य व अशोक यांतून नायक निवडतां येतो. इतिहासाचे शिक्षक येथें कपाळास आठ्या घालतील, तो भाग निराळा. अगदीं लहानांसाठीं, दोन ते दहा वर्षांच्या मुलांकरितां, 'जीकॉम्प्रिस' आहे. आणि भावंडांचें भांडण मिटवावयाचें असेल तर 'सुपरटक्सकार्ट' ही मोटारींची शर्यत एकाच पडद्याचे भाग करून दोघांस एकदम खेळतां येते.

दुसऱ्या वाटेवर एक खांचखळगा आहे. 'डूम' या १९९३ च्या गाजलेल्या खेळाचा प्रोग्रॅम त्याच्या कंपनीनें डिसेंबर १९९७ मध्यें सर्वांस खुला केला. परंतु चित्रें, आवाज आणि नकाशे खुले केले नाहींत. ग्रामोफोन सर्वांना वाटावा आणि तबकड्या मात्र विकतच ठेवाव्या, तसाच हा प्रकार. असा खेळ भांडारांतून उतरविला कीं तो चालू होतांच कांहीं फाइली मागतो व थांबतो. माणूस समजतो कीं लिनक्सच बिघडली. वास्तविक तबकडीच नसते. 'फ्रीडूम' या प्रकल्पांतील लोकांनीं डूमसाठीं नव्या, मुक्त तबकड्या तयार केल्या आहेत. वर सांगितलेल्या ओपन टी.टी.डी.चीही पूर्वीं हीच स्थिति होती. २०१० च्या १.० आवृत्तीच्या सुमारास मुक्त चित्रें हातीं आलीं आणि तो खेळ स्वतःच्या पायांवर उभा राहिला.

तिसरी वाट दुभाष्याची. विंडोजसाठीं लिहिलेला खेळ प्रणालीकडे सारखें कांहीं ना कांहीं मागत असतो : खिडकी उघड, आवाज वाजव, चित्र काढ. १९९३ पासून घडत आलेला 'वाइन' हा प्रोग्रॅम त्या मागण्या ऐकून लिनक्सच्या भाषेंत सांगतो. तो दुसऱ्या संगणकाचें सोंग घेत नाहीं, नुसतें भाषांतर करतो, म्हणून वेग फारसा कमी होत नाहीं. खेळ विकणाऱ्या व्हाल्व कंपनीनें ऑगस्ट २०१८ मध्यें वाइनवर आधारलेला 'प्रोटॉन' आपल्या 'स्टीम' दुकानास जोडला, आणि २०२२ मध्यें लिनक्सवरच चालणारें 'स्टीम डेक' हें हातांतलें यंत्र काढलें. तेव्हांपासून विंडोजचे असंख्य खेळ लिनक्सवर विनासायास चालूं लागले.

असंख्य, पण सर्व नव्हेत. अनेकांनीं एकमेकांविरुद्ध खेळावयाच्या कांहीं खेळांत लबाडी पकडणारा पहारेकरी असतो, आणि तो प्रणालीच्या गाभ्यांतच बसूं पाहतो. तेथें दुभाष्याचें कांहीं चालत नाहीं. कधीं कधीं तर चालत असलेला खेळही बंद होतो : 'एपेक्स लेजंड्स' लिनक्सवर चालत होता, तो २०२४ च्या अखेरीस त्याच्या मालकांनीं लबाडीचें कारण सांगून तेथें बंद केला. म्हणून मित्रमंडळींबरोबर खेळण्यासाठीं मुलानें एखादा खेळ मागितला, तर पैसे देण्यापूर्वीं 'प्रोटॉन-डी.बी.' या नोंदवहींत त्याचें नांव काढावें. खेळणारे स्वतःचा अनुभव तेथें लिहून ठेवतात, आणि त्यांतही ताज्या तारखेच्या नोंदीच धराव्या. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आंत, खेळ २ तासांहून कमी खेळला असल्यास, पैसे परत मागतां येतात. तेव्हां परीक्षेनंतरच्या सुटीकरितां आधींच घेतलेला खेळ तसाच राखून ठेवूं नये. घेतला त्याच संध्याकाळीं तासभर चालवून पाहावा.